करंडक, जपून ठेवा

"मशीन बंद हाय, बाई."

गेल्या नवरात्रात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे फोन उचलला गेला की मीच आधी म्हणायचे, "मशीन बंद आहे ना? बरं, उद्या करते." पलीकडून ओशाळलेलं हसू यायचं. "न्हाई न्हाई, आज मशीन चालू हाय. पण ऑपरेटर गावाकडं गेल्ता, त्यो अजून आला न्हाई." दुसऱ्या दिवशी ऑपरेटर आलेला असायचा, तर लाईट गेलेली. मग लाईट आणि ऑपरेटर यांची पत्रिका एकदाची जुळली, तर कुठल्याशा रोलिंग मिलची मोडकी सळई आमच्या आधी पाटावर बसलेली! लग्नाच्या मुहूर्ताला गुरुजीसुद्धा एवढे अडथळे काढत नाहीत.

जालन्यात बसून समुद्राचं काम करायला निघालं की असंच व्हायचं. इथे समुद्र नाही. खारं पाणी हवंच असेल तर बोअर आहे, त्यावर भागवावं.

समुद्राचं काम माझं नव्हे, माझ्या नातीचं. ती समुद्रकाठच्या एका संस्थेत डायटमवर संशोधन करते. डायटम म्हणजे पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण एकेकाच्या अंगावर काचेसारखं कवच असतं आणि त्या कवचावर बारीक छिद्रांची नक्षी. कोण कुठल्या जातीचा, हे त्या नक्षीवरून ठरतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कवच दिसतं, पण तिच्या डायटमची छिद्रं इतकी बारीक की त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच पाहिजे. तो त्यांच्या संस्थेत होता. होता म्हणजे अजूनही आहे, पण त्याने ऐन वेळी मान टाकली. त्याचा कुठलासा भाग परदेशातून यायचा होता, आणि तो कधी येईल ते परदेशालाच माहीत. बाकीच्या ठिकाणच्या यंत्रांपुढे रांगा.

आणि त्याच सुमाराला संस्थेची माणसं संशोधनाच्या जहाजावर निघायची होती. जहाजावर एक जागा रिकामी होती. त्या जागेसाठी दोघी उभ्या, माझी नात आणि तिच्याच बरोबरीची दुसरी एक मुलगी. गाईडबाईंनी नातीला स्पष्ट सांगितलं होतं, दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत छिद्रांचे स्वच्छ फोटो दाखव. जात पक्की झाली तर जहाजावर तू, नाही झाली तर ती. आमची पोर लहानपणी मोती तलावाच्या काठावर बसून कागदाच्या होड्या सोडायची, आणि होडी बुडाली की घरी येऊन जेवायची नाही. तिला ती जागा किती हवी होती ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दसऱ्यासाठी घरी आली ती तोंड पाडूनच. बॅगेत कपडे थोडे, आणि एक गोल झाकणाची प्लास्टिकची पेटी. पेटीत ॲल्युमिनियमच्या बुटक्या मेखा, बटणाएवढ्या डोक्याच्या. त्यांना स्टब म्हणतात. प्रत्येक मेखेच्या डोक्यावर काळी चिकटपट्टी आणि तिच्यावर धुऊन वाळवलेल्या डायटमची पांढुरकी भुकटी. बघायला काही नाही, दात घासायची पूड सांडल्यासारखं.

"आज्जी, सगळं तयार आहे. फक्त बघायला मशीन नाही."

"अगं, मग आपल्या एमआयडीसीत आहे की!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात मासे मिळतात म्हटलं होतं.

पण होतं. एमआयडीसीत पोलाद तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे. सळई तुटली की का तुटली, हे तुटलेलं टोक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरून सांगतात. तिचा मालक माझा विद्यार्थी. आता इथे त्या बाईंबद्दल सांगणं भाग आहे, ज्यांचा तो विद्यार्थी होता. त्या बाई म्हणजे मीच, पण हल्ली आमचं पटत नाही.

त्या बाई आष्टीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागल्या तेव्हा त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तर स्वप्नातही नाही. पण कडक इस्त्रीची साडी, वेणीत अबोली आणि हातात रंगीत खडूंचा डबा असला की बाईंना सगळं माहीत असायचं. समुद्राच्या लाटा त्या फळ्यावर अशा काढायच्या, की पोरांना वाटावं समुद्र म्हणजे जिलेबीचा घाणा. एकदा कुठल्याशा पुस्तकात त्यांना डायटमचं निळं-केशरी चित्र दिसलं. खाली लिहिलेलं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. झालं! बाईंनी वर्गात जाहीर केलं, "साध्या सूक्ष्मदर्शकात फिकट दिसतं. इलेक्ट्रॉनच्यात सगळं रंगीत!" आणि वर्गाकडून रंगीत आकृत्या काढून घेतल्या. ज्यांनी नुसत्या पेन्सिलीने काढल्या, त्यांचे मार्क कापले. ते रंग माणसं मागाहून भरतात, यंत्राला रंग दिसतच नाही, हे बाईंच्या कानावर यायला पुष्कळ वर्षं लागली. तोवर बाईंची बदली जालन्याला झाली होती.

मार्क कापलेल्यांपैकी एक जण पुढे यंत्राचा मालक झाला. मी आणि नात पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो, तर त्याने वाकून नमस्कार केला आणि उठता उठता म्हणाला, "बाई, मशीन आलं त्या दिवशी मी आधी रंग हुडकले. बिलकुल सापडले न्हाईत. मंग म्हणलं, माझे मार्क परत मागावं का काय?"

"माग की," मी म्हटलं. "आधी माझ्या नातीचे फोटो काढून दे, मग बघू."

"तुमच्यासाठी मशीन चोवीस तास उघडं हाय, बाई."

चोवीस तास उघडं म्हणजे काय ते पुढच्या दिवसांत आम्हाला नीट कळलं. मी काही त्याच्यावर रागावत नाही. त्याचं पोट पोलादावर. मिलवाल्यांची गाडी अडलेली असते, एकेकाचा फोनवर जीव चाललेला असतो. त्यांच्यापुढे शेवाळाची काय पत्रास? पण माझी चिडचिड व्हायची ती व्हायचीच. नात सकाळी आंघोळ करून, पेटी मांडीवर घेऊन, रिक्षाच्या आवाजाकडे कान लावून बसायची आणि मी फोन करायचे. मशीन बंद हाय, बाई.

शेवटी मालक म्हणाला, "बाई, रोज हेलपाटे कशाला? पेटी इथंच ठेवून जा. जरा फुरसत झाली की ऑपरेटर बराबर करून ठेवतो. खंडेनवमीच्या आत करून टाकू."

नातीला पेटी सोडवेना. मीच तिला समजावलं. प्रयोगशाळेच्या टेबलापाशी ती पेटीवर चिठ्ठी चिकटवायला लागली. इंग्रजी अक्षरं, आकडे, मधे आडव्या रेघा. मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हटलं, "हे असलं इथे कोण वाचणार? सळईचा नंबर समजून भट्टीत टाकतील. मराठीत लिही."

"मराठीत काय लिहू? डायटम?"

"करंडक लिही. जुन्या पुस्तकांतून करंडक वनस्पतीच म्हणतात त्याला. त्याच्या कवचाचे दोन भाग असतात ना, एक दुसऱ्यावर झाकणासारखा बसणारा? कुंकवाच्या करंड्यासारखा. कसला सुरेख शब्द आहे! तुम्ही लोकांनी टाकून दिलात."

"आज्जी, तिथे कुणाला कळणार आहे करंडक?"

"करंडा कुणाला कळत नाही? उलट त्यामुळे जपतील."

नात हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली, म्हणून मलाही चेव आला. तिने चांगल्या वळणदार अक्षरांत लिहिलं, 'करंडक. जपून ठेवा.' मी खाली दोन रेघा ओढायला लावल्या. म्हातारपणी शहाणपण येतं म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे यावं, मी त्यांना चहा पाजीन.

खंडेनवमीच्या आत काही झालं नाही. खंडेनवमीला तर काही व्हायचंच नव्हतं. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा. शेतातला विळा, शिंप्याची कात्री, गॅरेजवाल्याचे पाने, मिलचे रूळ, सगळ्यांना आंघोळ, हळदीकुंकू, झेंडूची माळ. पूजा झाली की अवजार हातात धरायचं नाही, त्याने एक दिवस विश्रांती घ्यायची. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टीच. माझी धाकटी सून देवघरात कात्री आणि पोळपाट मांडत होती आणि नात लॅपटॉपवर दोन बोटं ठेवून म्हणत होती, "याची पूजा नको काकू, मला लागणार आहे."

दसऱ्याला लोक आपट्याची पानं घेऊन येत होते. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. ती एका हाताने पान घ्यायची, दुसऱ्या हातात फोन. वाकून नमस्कार करतानासुद्धा एक डोळा फोनवर. संध्याकाळी मालकाचा निरोप आला, "उद्या दुपारी या. ऑपरेटर सकाळीच येऊन राह्यला. कोटिंग करून ठेवतो."

कोटिंग म्हणजे सोन्याचा मुलामा. इलेक्ट्रॉनच्या झोतापुढे नमुना ठेवायचा तर त्यावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवावा लागतो, नाहीतर चित्र फटफटीत येतं. मी घरात जाहीर केलं, "गावभर आपट्याची पानं वाटून सोनं सोनं करतायत. खरं सोनं यंदा फक्त आपल्या शेवाळाला चढणार आहे." कुणी हसलं नाही. नात तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. यंत्राची खोली थंडगार. त्या बाईंनी फळ्यावर इतक्यांदा काढलेलं यंत्र मी आयुष्यात पहिल्यांदा समोर पाहिलं. आकृतीतलं काही म्हणून जुळेना. एक जाडजूड पांढरी नळकांडी, तिच्या गळ्यात झेंडूची माळ, पोटावर कुंकवाचं स्वस्तिक आणि शेजारी हळदीची पाच बोटं. माझा हात आपोआप नमस्काराला गेला.

ऑपरेटर केदारखेड्याचे, चाळिशीतले, मितभाषी गृहस्थ. मोटरसायकलवरून येतात. त्यांनी माळ अलगद काढून खुंटीला लावली, मेख आत सरकवली आणि हवा काढायचा पंप सुरू केला. आत निर्वात झाल्याशिवाय यंत्र काही दाखवत नाही. आम्ही घुरघुर ऐकत बसलो. नातीने माझं मनगट धरून ठेवलेलं.

मग पडद्यावर चित्र आलं. राखाडी.

"बघा बाई," मागून मालकाचा आवाज आला, "कुठं हाय रंग?"

"गप रे. मार्क आणखी कापीन."

ऑपरेटरने चित्र मोठं केलं. पडद्यावर कसलेतरी गोळे दिसायला लागले. गोल म्हणावे तर गोल नाहीत, बाजू चेपलेले, कोपरे झिजलेले. एकमेकांना खेटून बसलेले. खूप होते.

"हेच का तुमचे करंडे?" ऑपरेटरने विचारलं. "लई हायत की."

"हे नाहीत," नात म्हणाली. "जरा डावीकडे घ्या. आणखी. दुसरा स्टब लावता का?"

दुसरी मेख लावायची म्हणजे आत हवा सोडायची, मेख बदलायची, पुन्हा हवा काढायची. पुन्हा घुरघुर. दुसऱ्या मेखेवरही तेच. मधूनच एखादं डायटमचं कवच दिसायचं, फुटलेलं, आणि नेमका त्याच्या नक्षीवर एक गोळा स्वारी करून बसलेला. बशीवर बटाटा ठेवावा तसा.

नातीचा आवाज बदलला. हळू म्हणाली, "आज्जी, हे आमच्या कुणाच्याच फोटोत मी पाहिलेलं नाही. दोन्ही स्टबवर आहे. त्याच पाण्यात काही वेगळं असेल का गं? एखादं बीजाणू वगैरे?"

तिच्या डोळ्यांत जे आलं होतं ते मला बघवेना. कारण मी ते गोळे ओळखले होते. त्या बाईंना समुद्र ठाऊक नव्हता, इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता, पण शाळेतल्या एकुलत्या एका खिळखिळ्या सूक्ष्मदर्शकाखाली दरवर्षी एक प्रात्यक्षिक मात्र त्या घ्यायच्या, कारण त्याला खर्च काही नव्हता. घरून पीठ आणायचं आणि पिठाचे कण बघायचे. बटाट्याचे लांबट, शिंपल्यासारखे. तांदळाचे बारीक, टोकदार. मक्याचे असे, बाजू चेपलेले, कोपरे झिजलेले.

गप्प बसावं असं एकदा वाटलं. खरंच वाटलं. सोमवारपर्यंत तरी.

"पीठ आहे," मी म्हटलं.

"काय?"

"पीठ. मक्याचं दिसतंय."

"आज्जी, समुद्रात मका कुठून येईल?"

"समुद्रात नाही आला, बये. इथे आला."

मालक डोकं खाजवत म्हणाला, "शेजारी बियाण्याचा प्लांट हाय. मक्याचं बियाणं साफ करून राह्यले ते. तिथली धूळ आली आसंल का?"

"मग पेटीत कशी शिरेल? झाकण आहे तिला," नात म्हणाली.

तेवढ्यात मालकाची आई डबा घेऊन आली. माझ्याच वयाची बाई. रोज दुपारी लेकाला गरम भाकरी पोचवते, रिक्षा करून. मला बघून तिला आनंद झाला, हातात आपट्याचं पान ठेवलं. मग टेबलावरच्या उघड्या पेटीकडे तिचं लक्ष गेलं.

"बाई, तुमचा करंडा मिळाला का? म्याच भरला त्यो."

ती आपली कौतुकाने सांगत होती. "खंडेनवमीला मशिनीची पूजा मी केली. ह्याची बायको माहेरी गेल्ती, मंग मीच आले. तर कपाटात ह्यो करंडा. वर लिवलेलं, जपून ठेवा. तुमी येऊन गेल्याचं ह्यानं सांगितलं व्हतं, मी म्हणलं बाईंनीच पाठवला आसंल पूजेला. उघडून बघते तर आत हळद न्हाई, कुंकू न्हाई, नुसत्या बारक्या बारक्या मेखा. आता तुमीच सांगा, सणाच्या दिवशी रिकामा करंडा ठेवावा का कुणी? मी आपली एकेका मेखेवर चिमूट चिमूट हळद अन् कुंकू वाह्यलं, अन् झाकण लावून मशिनीपुढं ठेवला."

"आई..." मालक म्हणाला.

"का रं? चुकलं का काही?"

रिकामा करंडा देऊ नये, घेऊ नये, ठेवू नये. मीसुद्धा आयुष्यभर हेच केलंय. कुणाचा करंडा माझ्याकडे आला तर चिमूटभर घालूनच परत गेला. तिच्या जागी मी असते तर मेखांना माळही घातली असती.

नात ऑपरेटरकडे वळली. "तुम्हाला रंग दिसला नाही का?"

"दिसला की ताई. लाल-पिवळं होतं वर. मला वाटलं तुमच्याच पाण्यातलं काही. मंग म्हणलं धूळ नको, फुग्यानं उडवलं जरा." त्यांनी रबरी फुगा दाखवला. सळईच्या तुटक्या तोंडावरची धूळ या फुग्याने उडवतात. सळई जागची हलत नाही. माझ्या नातीचे डायटम हळदीआधी उडाले असणार. जे चिकटून राहिले त्यांच्यावर मका बसला, आणि वरून सगळ्यांना सारखं सोनं चढलं.

"पण हळदीत मका कसा?" मालकाने विचारलं. पोलादाचा माणूस, त्याला भेसळीत रस.

"हळद कुठली वापरली, अक्का?" मी त्याच्या आईला विचारलं.

"बाजारातली. पूजेची. खायची येगळी आन पूजेची येगळी आसती ना."

"तेच ते. खरी हळद आधी शिजवतात, तिच्यातल्या पिठाचा गोळा होतो. असे सुटे कण राहत नाहीत. हे नुसतं मक्याचं पीठ, रंग दिलेलं."

"म्हंजी देवाला मी पीठ वाहून राह्यले व्हय इतके दिवस?" ती मटकन खुर्चीत बसली. आता तिलाही वाईट वाटायला लागलं, आणि तिची समजूत घालायचं कामही माझ्याकडेच आलं.

एवढा संताप मला कधी आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर तेच कळेना. तिच्यावर? तिने धर्म पाळला. ऑपरेटरवर? त्याने काम केलं. मालकावर? त्याने मोडक्या सळया बाजूला सारून आम्हाला बसवलं होतं. मग राहता राहिले मी आणि माझा सुरेख शब्द. आणि हे ठार राखाडी यंत्र! एवढं मोठं यंत्र, हळद पिवळी आहे एवढं साधं त्याला सांगता येऊ नये? पिवळी दिसली असती तर पहिल्याच नजरेत कळलं असतं, पोरीच्या डोळ्यांत नसती आशा तरी आली नसती. आयुष्यात एकदाच त्या बाईंचं म्हणणं खरं व्हायला हवं होतं. मी मनातल्या मनात तिथे उभं राहून सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले.

नात हरली नाही लगेच. एकेक मेख पुन्हा लावून ती स्वच्छ कोपरा शोधत बसली. ऑपरेटर बिचारे जेवायलाही उठले नाहीत. एका मेखेच्या अगदी कडेला एक कवच सापडलं, जवळजवळ अख्खं. अर्ध्यावर मका, पण उरलेल्या अर्ध्यावर छिद्रं, ओळीने, जाळीदार. मी पहिल्यांदा पाहिली ती छिद्रं. चांदीच्या गाळणीसारखी. ऑपरेटर चित्र स्थिर करत होते, नात म्हणत होती, "अजून थोडं, अजून थोडं मोठं..." आणि लाईट गेली.

"जनरेटर?" मी ओरडले.

"सुरू होतोय, बाई. पण व्हॅक्यूम गेला आता. पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून केलं. ते कवच पुन्हा सापडलं, पण त्याला मधेच तडा गेलेला. कशाने गेला देव जाणे. त्याचाच एक फोटो काढला, आणि आम्ही पेटी घेऊन घरी आलो. रिक्षात तिने पेटी मांडीवर न घेता पायाशी ठेवली. अक्कांनी वाटेत खायला दिलेल्या करंज्या माझ्या मांडीवर तशाच.

घरी आल्यावर मी माझ्या परीने प्रयत्न केला. "मका तेवढा कापून टाक ना फोटोतून. हल्ली तर फोनवरसुद्धा माणसं कापता येतात."

"आज्जी."

"नाहीतर मग सांग, समुद्रात नवीन जात सापडली म्हणून. नाव ठेव काहीतरी. हरिद्रा."

"आज्जी, पुरे."

पुरे म्हणजे पुरे. मी स्वयंपाकघरात गेले आणि पूजेच्या हळदीची पुडी कचऱ्यात टाकली. सुनेने ती उचलून परत डब्यात ठेवली, तिला काही माहीत नव्हतं. मग तिला सगळं सांगत बसले. सांगताना मला हसू येत होतं, आणि हसू येतंय म्हणून आणखी राग येत होता.

नातीने गाईडबाईंना आहे तसं लिहून पाठवलं, हळद, मका, फुगा, सगळं. सोबत तो तडा गेलेला फोटो. सोमवारची वाट पाहावी लागली नाही, रविवारीच उत्तर आलं. गाईडबाईंचा सूर चांगला होता. खरं सांगितलंस ते बरं केलंस, असं त्या म्हणाल्या. हळदीच्या जागी त्यांना स्वतःच्या कुठल्या नमुन्यात एकदा म्हणे टाल्कम पावडर सापडली होती. पण अर्ध्या नक्षीवरून जात ठरत नाही. आपलं यंत्र दुरुस्त झालं की नवीन मेखा तयार करून पुन्हा बघू. यावेळी जहाजावर दुसरी जाईल.

"पुढच्या वेळी?" मी विचारलं.

"पुढची वेळ कधी असते ते कुणी सांगत नाही, आज्जी."

तिने होडी बुडाल्यासारखं केलं नाही. जेवली. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती परत निघाली. जहाजावर नाही, पण तिचे उरलेले डायटम तिथे बाटलीत तिची वाट बघत होते. मी तिची ती गोल पेटी मागून घेतली. गरम पाण्याने धुतली, परत धुतली, चुलतसासूचं भांडंही मी कधी एवढं घासलं नसेल. चिठ्ठी भिजवून सोलून काढली. उन्हात वाळवली, आणि वाळत घातलेल्या पापडांवर ठेवावी तशी तिच्यावर नजर ठेवून बसले.

सून बॅगेत चिवडा भरत होती. पेटी माझ्या हातात बघून सहज म्हणाली, "आई, रिकामी नका देऊ. चिमूटभर साखर तरी घाला."

"एक दाणा जरी घातलास तर हात मोडीन."

पेटी मी नातीच्या हातात दिली. बाईच्या जातीला हातातलं भांडं रिकामं देताना जे होतं ते मला झालं. पण दिली.

तिने माझ्याकडे पाहिलं. "काय घातलंस?"

"काही नाही."

"नक्की?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

नाही, असं ती म्हणाली नाही. तिने झाकण उघडलं, पेटी उजेडाकडे धरून आत पाहिलं, मग दारातल्या पायरीवर उलटी करून दोनदा आपटली. काही पडलं नाही. मग ती झाकण लावून रिक्षात बसली.